दुमडलेल्या कागदाचा माणूस

वकीलचाचांनी मला फसवलं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच चांगलं लिहिणार आहे, आणि ते वाचून माझी तक्रार मिटली असा कुणाचा समज व्हायला नको. ती मिटलेली नाही. जुन्या कंटेनरच्या धंद्यात मी उभा जन्म घातला. न्हावा शेव्याच्या बंदरात म्हातारी झालेली खोकी विकत घ्यायची, द्रोणागिरीच्या यार्डात आणून त्यांना दारं-खिडक्या कापायच्या आणि साइटवरची ऑफिसं, वॉचमनच्या केबिनी म्हणून विकायची. या धंद्यात मला गंडवायला कुठून कुठून माणसं आली आणि नुसता चहा पिऊन परत गेली. मला फसवू शकलेला माणूस साऱ्या नवी मुंबईत एकच, आणि तो आयुष्यात कधी खोटं बोललेला नाही. माझी खरी अडचण इथेच आहे.

आधी त्यांच्या नावाचं सांगतो. चाचा वकील नव्हेत. काळा कोट त्यांनी कधी घातला नाही. आमच्याच खाडीकाठच्या एका कोकणी मुसलमान घरातले ते, आता जुईनगरला पहिल्या मजल्यावर राहतात. बंदरात एका क्लिअरिंग एजंटकडे त्यांनी नोकरी केली. माल दुसऱ्याचा, जहाज तिसऱ्याचं आणि कस्टमच्या खिडकीशी उभे चाचा. त्या खिडकीत पहिला प्रश्न एकच असायचा: तुम्ही कोणाच्या वतीने आलात? अधिकारपत्र दाखवलं की बोलणं सुरू, नाही दाखवलं तर तुम्ही कितीही मोठे असा, बाजूला उभे राहा. हा प्रश्न इतकी वर्षं ऐकून तो चाचांच्या अंगात मुरला. दार वाजलं की ते उघडण्याआधी आतून विचारायचे, "कोणाच्या वतीने आलात?" दूधवाला, गॅसवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांना हाच सवाल. त्यांच्या सख्ख्या जावयाने पहिल्या ईदला बाहेर उभं राहून "स्वतःच्या वतीने" असं उत्तर दिलं, तेव्हा कुठे त्याला शिरखुर्मा मिळाला.

माझी त्यांची गाठ पडली तीच भांडणातून. एका कंपनीचे जुने कंटेनर विकायचे होते आणि विकणाऱ्याच्या बाजूने चाचा बसले होते. घासाघीस ही माझी विद्या. समोरच्याला आधी हसवायचं, मग चिडवायचं, चिडला की तो चुकतो. मी सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत चाचांना चिडवत होतो. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, उठून दारापर्यंत जाऊन आलो. चाचा प्रत्येक वेळी माझ्यासाठी नवीन चहा मागवत होते. शेवटी मीच थकलो. म्हणालो, "चाचा, तुम्हाला राग कसा येत नाही?" ते म्हणाले, "शेठ, राग यायला माल माझा पाहिजे ना! भाव मालकाचा, माल मालकाचा, राग पण मालकाचा. मी फक्त गळा भाड्याने दिलाय." त्या दिवशी मी पहिल्यांदा समोरच्याच्या भावाने माल घेतला, आणि जाताना त्यांच्या पाया पडलो. रागातच पडलो, पण पडलो.

घरात मात्र या स्वभावाने चाची मेटाकुटीला आल्या होत्या. त्यांनी एकदा कोथिंबीर आणायला सांगितलं, तर चाचा पिशवी हातात घेऊन उंबऱ्यातच उभे. "कोथिंबीर नसली तर पुदिना घ्यायचा अधिकार आहे का? जुडी सुकलेली असली तर नाकारायचा अधिकार आहे का? पूर्ण अधिकार देतेस की मर्यादित?" चाचींची फोडणी जळायला आली होती. त्या ओरडल्या, "जा न बाबा, काय पन कर!" चाचा तासाभराने भलीमोठी सुरमई घेऊन आले. कोथिंबीर नव्हतीच. चाचींनी कपाळाला हात लावला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "काय पण कर, हे तुझे शब्द. मर्यादा धन्याने घालायची असते, वकिलाने नाही." मी त्या दिवशी तिथेच होतो. सुरमई उत्तम होती, हे मला चाचींसमोर बोलता आलं नाही.

पण 'वकील' हे नाव पडलं ते निकाहांमुळे. त्यांच्यात लग्नात मुलीच्या बाजूने एक वकील असतो. दोन साक्षीदार घेऊन तो आत बायकांच्या खोलीत जातो, मुलीला विचारतो, तिचा होकार घेऊन बाहेर मंडपात येतो आणि तिच्या वतीने सांगतो. बहुतेक ठिकाणी हे दोन मिनिटांचं काम. चाचा गेले की मंडपात लोक मांडी बदलून बसायचे. एकदा उरणकडच्या एका लग्नात ते आत गेले ते लवकर बाहेर येईनात. आले तेव्हा भर मंडपात म्हणाले, "मुलीने अजून होकार दिलेला नाही." एकच गलका उडाला. मुलीची मावशी पडद्याआडून ओरडली, "असं काय करता भाईजान? मान हलवली ना तिने!" चाचा म्हणाले, "मान तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून हलवलीत. मी तिचा वकील आहे, तुमच्या हाताचा नाही." मग ते पुन्हा आत गेले, सगळ्यांना बाहेर काढलं, दार उघडं ठेवून साक्षीदारांसमोर मुलीशी बोलले. मुलीचं म्हणणं एवढंच होतं की तिची शिक्षिकेची नोकरी सुटणार की राहणार हे कोणी धड सांगत नव्हतं. चाचांनी बाहेर येऊन नवऱ्या मुलाला सर्वांदेखत विचारलं, त्याने राहील म्हटलं, तेव्हा आतून स्पष्ट आवाजात होकार आला. बिर्याणी गार झाली. त्या दिवसानंतर आसपासच्या गावांतल्या मुली आपापल्या बापांना सांगू लागल्या, वकील तेच हवेत.

निवृत्त झाल्यावर त्यांना या शब्दांचा नाद लागला. लोक फिरायला जातात, चाचा शब्दकोशात जायचे. दुपारी मी यार्डातून परतताना त्यांच्याकडे डोकावलो की वही उघडी असायची. वकील म्हणजे कोर्टातला माणूस हा अर्थ अगदी अलीकडचा, असं ते सांगायचे. मूळ अरबी शब्दात कोर्टकचेरी नाहीच. ज्याच्यावर काम सोपवून आपण निर्धास्त होतो, तो वकील. पेशव्यांचे वकील दिल्लीला आणि हैदराबादला राहायचे ते खटले लढवायला नव्हे, धन्याच्या वतीने बोलायला. पत्र जाऊन उत्तर यायला महिना लागणार, तोवर समोरचा दरबार थांबतो थोडाच! मग शहाणा धनी सांगायचा, तू बोलशील ते माझं बोलणं. या सगळ्याच्या वरचं पद म्हणजे वकील-ए-मुतलक. दिल्लीच्या बादशहाने हा किताब पुण्याच्या पेशव्यांना दिला होता. "मुतलक म्हणजे दावं सोडलेला," चाचा डोळे मिटून सांगायचे. "कुठलीच अट नाही, कुठलीच दोरी नाही. तलाक पण त्याच घरातला शब्द." आतून चाची म्हणायच्या, "तो शब्द जेवनाच्या टायमाला नको."

इंग्रजी शब्दाची तर मोठ्या थाटात पूजा व्हायची. प्लेनिपोटेन्शरी. हा उच्चारण्याआधी ते पाण्याचा घोट घेत. लॅटिनमध्ये एक शब्द 'भरलेला' या अर्थाचा, दुसरा 'सामर्थ्य' या अर्थाचा, दोन्ही जोडून पूर्ण अधिकाराचा दूत. आणि डिप्लोमसी हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला तो म्हणजे दुमडलेला कागद. हे कळलं त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम फोन करून बोलावलं. "शेठ, राजदूत म्हणजे दुमडलेल्या कागदाचा माणूस! कागद खिशात आहे तोवर तो राजाच. कागद नसेल तर टपाल." मी विचारलं, आता कुठे असतात असले पूर्ण अधिकाराचे लोक? ते म्हणाले, राजदूताच्या नेमणुकीत आजही 'असाधारण आणि पूर्णाधिकारी' असं लिहितात. पण तार आली, मग फोन आला, आणि त्याला प्रत्येक गोष्ट घरी विचारावी लागायला लागली. त्याने सही केली तरी वरून धन्याचं शिक्कामोर्तब लागतं. "शब्द तोच राहिला, आतला माल उतरवून घेतला. तुमच्या कंटेनरसारखा. बाहेर नाव जहाजाचं, आत वॉचमन झोपलेला."

मराठीत यालाच कुलमुखत्यार म्हणतात. कुल म्हणजे सगळं, मुखत्यार म्हणजे निवड ज्याच्या हाती आहे तो. चाचांना हा शब्द फार आवडायचा. मला नाही. आमच्या आगरी गावांत या शब्दाला वास आहे. शहर वसू लागलं तेव्हा गोड बोलणारे लोक हाच कागद घेऊन दारोदार फिरले, आणि ज्यांनी त्याच्यावर अंगठा उठवला त्यांची भातशेती कुठे गेली हे त्यांनाही नंतर सापडलं नाही. कुलमुखत्यारपत्र हा शब्द ऐकला की आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या अंगठा पदराखाली लपवायच्या. मी शपथ घेतली होती की माझ्या वतीने बोलायचा अधिकार मी जिवंत माणसाला देणार नाही. माझं तोंड मला पुरेसं आहे.

आणि त्याच तोंडाने घात केला. माझ्या मुलीच्या लग्नाची गोष्ट. आमच्यात थोरल्या भावाला आमंत्रणाची अक्षत द्यायला स्वतः जायचं असतं, बायकोला घेऊन, तो शेजारी राहत असला तरी. माझा दादूस शेजारीच राहतो. दोन्ही घरांना एकच ओटा. पण त्या आठवड्यात माझी यार्डात धावपळ चालली होती आणि बायको खरेदीत अडकली होती. मी पत्रिका आणि अक्षत ड्रायव्हरच्या हाती दिली आणि म्हटलं, दादूसकडे पोचव. ड्रायव्हर माझ्या हाताखाली तयार झालेला. कुठलीही वस्तू पोचवली की डिलिव्हरीच्या पुस्तकात सही घ्यायची, हे मीच त्याला शिकवलेलं. त्याने दादूसला अक्षत दिली, पुस्तक पुढे केलं आणि म्हणाला, "माल मिळाला, इथे सही."

दादूसने सही केली. लग्नाला आला नाही. हळदीला त्याच्या घराचं दार बंद होतं आणि आमचा बँजोचा ताफा त्या बंद दारासमोर वाजत होता. मी ओट्यावर उभा राहून साऱ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडलो, "मला भाऊ नाय!" हे ऐकायला तो दाराच्या आतल्या बाजूला उभा होता, हे मला नंतर कळलं. त्यानंतर तीन वर्षं एका ओट्यावरून आम्ही दोन दिशांना उतरत होतो. मग एके सकाळी त्याच्या बाजूला विटा येऊन पडल्या. दादूस ओट्याच्या मधोमध भिंत घालणार होता.

भिंत मला नको होती. पण हे मी स्वतः कोणत्या तोंडाने सांगणार? मी जुईनगर गाठलं. दार वाजवलं. आतून सवाल आला. मी म्हटलं, "स्वतःच्या वतीने. उघडा आता!" सगळं ऐकून चाचांनी विचारलं, "अधिकार किती?" मी म्हटलं, "पूर्ण." त्यांनी कागद पुढे सरकवला. मी लिहिलं: दादूसशी बोलण्याचे सर्व अधिकार चाचांना देत आहे, अट एकच, माझ्या वतीने माफी मागायची नाही. चाचांनी कागद वाचून परत दिला.

"हे जमणार नाही."

"का? एकच तर अट हाय."

"अट आली की मुतलक गेला. अर्धा निरोप पोचवायला तुमच्याकडे ड्रायव्हर आहे की."

माझ्या डोक्यात असा संताप गेला की मी पेन कागदातून आरपार जाईल अशा जोराने ती ओळ खोडली आणि सही केली. चाचांनी कागद दोनदा दुमडला, वरच्या खिशात ठेवला आणि टोपी नीट केली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दादूसच्या घरात गेले. मी ओट्यावर वर्तमानपत्र धरून बसलो. दोन तासांनी ते बाहेर आले.

"भिंत होणार नाही. आज रात्री दोघं तिकडे जेवायला जा."

"माफी मागितलीत?"

"तुमच्या वतीने."

"कोणाला विचारून?"

त्यांनी खिशावर हात ठेवला. मी धुमसत विचारलं, "आणि तो?"

"त्यांच्याकडूनही माफी झाली आहे."

"काय शब्दांत?"

"एका दरबारात बोललेलं दुसऱ्या दरबारात सांगत नाहीत, शेठ."

आम्ही जेवायला गेलो. वहिनीने खाडीतल्या निवट्यांचं कालवण केलं होतं. दादूसने माझ्या ताटात वाढलं, मी खाल्लं, दोघंही पावसापाण्याचं बोललो. विटांचा ओट्यावर कट्टा बांधला. रोज संध्याकाळी त्याच्यावर बसतो. मनात मी एवढंच धरून होतो की मी माफी मागितली असली तरी त्यानेही मागितली आहे. सौदा बरोबरीत सुटला.

यंदाच्या उन्हाळ्यात कट्ट्यावर सहज बोलणं निघालं. दादूस म्हणाला, "तू माफी मागितलीस म्हनून, नायतर भिंतच होती." मी म्हटलं, "तू पन मागितलीस की." दादूस गरकन वळला. "मी? कवा? मी एक शब्द बोललो नाय." मी चढ्या आवाजात चाचांचं नाव घेतलं. तो आत गेला आणि एक दोनदा दुमडलेला कागद घेऊन आला. त्याने चाचांना लिहून दिलेल्या अधिकारपत्राची प्रत. चाचांना पूर्ण अधिकार, आणि खाली एक खोडलेली ओळ: माफी मागनार नाय. तारीख माझ्या कागदाच्या आदल्या दिवसाची. म्हणजे मी जुईनगरला पोचलो, त्याच्या आधी दादूस तिथे जाऊन आला होता. त्याला पण भिंत नको होती! चाचांनी मला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. दुसऱ्याच्या हाताने हललेली मान न मानणारा माणूस, दोन्ही बाजूंचा वकील एकटाच!

मग त्या दोन तासांत झालं काय, ते वहिनीने सांगितलं. दादूस डोळे वटारत होता तरी तिने सांगितलं. चाचा दादूससमोर बसले आणि माझ्या वतीने बोलले. मग उठले, एक रिकामी खुर्ची ओढली, ती माझी म्हणून समोर ठेवली, आणि तिच्याशी दादूसच्या वतीने बोलले. दादूस बाजूला बसून दोन्ही ऐकत होता. "मंग ह्यांनी डोळं पुसलं," वहिनी म्हणाली. दादूस म्हणाला, "कांदा कापीत व्हतीस तू."

आता माझा मुद्दा लक्षात घ्या. माझी माफी दादूसला पोचली. दादूसची माफी एका खुर्चीला पोचली. आयुष्यात इतका एकतर्फी सौदा मी केलेला नाही.

मी तडक जुईनगरला गेलो. दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोणाच्या वतीने आलात?" मी म्हटलं, "दोघांच्या!" चाचींनी दार उघडलं. चाचा खिडकीशी बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी पुन्हा तेच विचारलं, अगदी नम्रपणे. मग आणखी एकदा. चाची हळू आवाजात म्हणाल्या, "आम्हाला पन लवकर कळलं नाय रे. हा सवाल तर त्यांचा कायमचाच. खरंच वळखत नाहीत म्हनून विचारतायत, हे आमच्या ध्यानात यायला कितीतरी महिने गेले."

जोरात भांडायचं म्हणून आलो होतो, तो तिथेच बसलो. दादूसकडून आणलेला कागद त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो उलगडला, चष्मा सारखा केला आणि मन लावून वाचला. चेहरा एकदम खुलला. "चांगलं पत्र आहे," ते म्हणाले. "अट खोडली हे फार बरं केलं. अट नको." मग कागद पहिल्याच घड्यांवर दोनदा दुमडून, माझ्या खिशात ठेवत विचारलं, "मग? गेलं का कोणी?"

"गेलं, चाचा," मी म्हटलं. "फार चांगला माणूस गेला होता."

चाचांकडे आता मला जाब मागता येत नाही. पण त्या दोन तासांत तिथे आणखी एक जण हजर होता आणि त्याची तब्येत ठणठणीत आहे. दादूस, हे तुझ्यासाठी लिहितोय. तुला चष्मा कधी सापडत नाही, तेव्हा वहिनी वाचून दाखवील. त्या दुपारी माझ्या नावाने तुझ्यासमोर जे बोललं गेलं, ते मला शब्द न् शब्द हवं आहे. आणि त्या खुर्चीला जे सांगितलं गेलं, तेही. पूर्ण अधिकार दिला होता, हे मी नाकारत नाही. पण आजकाल वकिलाच्या सहीवर धन्याचं शिक्कामोर्तब लागतं, हे चाचांनीच शिकवलंय, आणि ते करायची माझी तयारी आहे. ओट्यावर येऊन, स्वतः, ड्रायव्हर न पाठवता. फक्त मजकूर वाचल्याशिवाय मी कशावर सही करत नाही, हे तुला माहीत आहे. दरबाराची गोष्ट दरबारात वगैरे मला सांगू नकोस, तू राजा नाहीस. ते माझ्या वतीने काय बोलले? उत्तर दे, दादूस.